विंगेतले सर

आमचे सर कुजबुजत बोलत. घसा खराब होता म्हणून नव्हे, सवयच तशी लागून गेली होती. तरुणपणी ते गावातल्या हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टिंग करायचे, म्हणजे पडद्याआड विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं हळूच सांगायचे. पुढे शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, पण तो विंगेतला आवाज काही सुटला नाही. तसला आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत कसा पोचायचा हे मला अजून कळलेलं नाही, पण पोचायचा. सगळी शाळा त्यांना प्रॉम्प्टर सर म्हणायची. हजेरीपुस्तकात सही करताना ते भलतंच एक आडनाव लिहीत. त्या आडनावाची चौकशी करत कुणी शाळेत आलं असतं, तर शिपायानं त्याला 'असं कुणी नाही इथं' म्हणून फाटकातूनच परत पाठवलं असतं.

समोरचा माणूस बोलायला लागला की सरांचे ओठ हलायला लागत, आणि तो अडखळला रे अडखळला की पुढचा शब्द यांच्या तोंडून बाहेर पडलेला असे. यात आपलं-परकं नव्हतं. एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. वर्गात उभे राहून मोठ्या तोऱ्यात एक श्लोक म्हणायला लागले आणि शेवटच्या चरणावर अडकले. आम्ही श्वास रोखून बसलो. मागच्या भिंतीला टेकलेल्या सरांनी तो चरण सोडला, साहेबांनी झेलला, श्लोक पुरा केला आणि मग पाठांतराचं महत्त्व या विषयावर आम्हालाच चांगलं फैलावर घेतलं. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सांगितलेली गोष्ट तर याहून वरची आहे. मंगळवार बाजारात एका भाजीवाल्याची आणि गिऱ्हाइकाची जुंपली होती. गिऱ्हाईक रागानं थरथरत होतं, पण त्याला शिवीच सुचेना. पिशवी घेऊन शेजारून चाललेल्या सरांनी ती पुरवली. मग भाजीवाला अडला, तर त्यालाही पुरवली. काकू म्हणायच्या, "दोघांनाही सारखीच सणसणीत. मग दोघं मिळून ह्यांच्या अंगावर आले."

"अडलेला माणूस मला बघवत नाही," एवढंच सर त्यावर म्हणायचे. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. लहानपणी ते स्वतः एकदा शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणायला उभे राहिले होते आणि पहिल्या कडव्यानंतर पाटी कोरी झाली होती. सगळ्यांना ती कविता पाठ होती. पण एकानंही शब्द दिला नाही. सगळे मजा बघत राहिले. हे त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना हातातला खडू मोडून ठेवला होता. त्यानंतर ते कधी रंगमंचावर उभे राहिले नाहीत. विंगेत मात्र आयुष्यभर उभे राहिले.

सरांच्या कुजबुजीवर सगळ्यांत जास्त विसंबून असायचे ते आमचे हेडसर. हेडसर म्हणजे करारी माणूस. वऱ्हांड्यात त्यांच्या वहाणांचा आवाज आला की वर्गच्या वर्ग शांत व्हायचे. पण भाषणाला उभे राहिले आणि हातात कागद नसला, की त्यांचं गाडं अडायचंच. म्हणून त्यांच्या मागे एक पाऊल सोडून सर उभे. हेडसर थांबले की सर शब्द देणार, हेडसर तो खणखणीत आवाजात म्हणणार, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मागून काय येतंय ते हेडसर ऐकतसुद्धा नसत, सरळ म्हणून टाकत. एका स्वातंत्र्यदिनी ते म्हणाले, "देशासाठी ज्यांनी आपले प्राण वेचले, त्या वीरांची…" आणि थांबले. नेमकं त्याच वेळी सर शेजारच्या शिपायाला काहीतरी सांगत होते. हेडसरांनी छाती पुढे काढून वाक्य पुरं केलं, "त्या वीरांची खुर्ची जरा सावलीत सरकव!" सगळ्या मैदानावर हसू दाबल्याचा एक विचित्र आवाज झाला. त्या दिवशी आम्हाला लाडवांऐवजी एक तास उन्हात कवायत मिळाली.

आमची शाळा सोलापुरातली, मुलांची. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीतली. गिरणीकामगारांची पोरं, पूर्वेकडच्या पेठांतली विणकरांची तेलुगू बोलणारी पोरं, अक्कलकोटकडची कानडी हेल काढणारी पोरं, घरात दख्खनी बोलणारी पोरं, आणि माझ्यासारखी मावशी-आत्याकडे शिकायला येऊन राहिलेली खेड्यातली पोरं. मी मंगळवेढ्याकडचा. सगळ्यांना मराठीचा विषय एकच, आणि तो शिकवायला सर. वर्षभर धड्यांतून जे जमायचं नाही ते सर गॅदरिंगच्या नाटकातून साधून घ्यायचे. नाटक ते स्वतःच लिहायचे. माझं 'हाय' आणि 'न्हाय' काढायला त्यांनी जी मेहनत घेतली तेवढ्यात एखादा माणूस पोहायला शिकला असता. "आहे म्हण. नाही म्हण. हं, पुढं?" हा 'पुढं?' त्यांच्या ओठांवर कायमचा बसलेला.

आम्ही दहावीत होतो त्या वर्षीच्या नाटिकेत शहरात शिकायला गेलेला मुलगा नापास होतो, तोंड लपवत फिरतो आणि एक दिवस आईच्या दारात येऊन उभा राहतो, अशी साधी गोष्ट होती. मुलगा मी. आईचं काम कुणाला द्यायचं यावर बरेच दिवस घोळ चालला होता. नाजूक चणीची गोरी पोरं आपापले केस सारखे करून सरांच्या पुढे-पुढे करत होती. सरांनी निवडला व्यंकटेश. काळासावळा, खांद्यानं रुंद, आवाज नुकताच फुटायला लागलेला, आणि मराठी बोलताना प्रत्येक वाक्य मनात एकदा तेलुगूतून आणणारा. साखर पेठेत त्याचं घर. वडील मागावर, आई विड्या वळणारी. आम्ही हसलो. सर म्हणाले, "मधल्या सुट्टीत बघा कधी. डबा झाला की हा पोरगा आपल्यासकट शेजाऱ्याचं सांडलेलंही गोळा करतो आणि मग उठतो. आईचं काम त्यालाच येणार." व्यंकटेश लाजून म्हणाला, "सर, मला मिसरूड फुटायलंय की." सर म्हणाले, "त्याचं मी बघतो. तू सांडलेलं गोळा करणं सोडू नकोस."

तालमी रंगात आल्या होत्या आणि हेडसरांनी सरांना बोलावून घेतलं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा नवा अभ्यासक्रम आला होता, सगळ्याच शाळा निकालाच्या धास्तीनं जादा तास घ्यायला लागल्या होत्या. हेडसरांच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात कबड्डीच्या ढाली, स्कॉलरशिपवाल्या मुलांचे फोटो, हस्ताक्षराचे कप असं सगळं मांडलेलं. हेडसर कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "यात तुमच्या नाटकाचं काय आहे, सांगा. पोरं महिना महिना तालमीत घालवतात आणि पदरात काय, तर टाळ्या. यंदा आंतरशालेय स्पर्धेत ढाल आणा. नाही आली, तर पुढच्या वर्षापासून नाटक बंद." सर दारातून बाहेर आले तेव्हा मी आणि व्यंकटेश वऱ्हांड्यातच होतो, सगळं ऐकू आलं होतं. सरांचे ओठ हलत होते, पण त्यातून शब्द येत नव्हता. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. या माणसाचं नाटक बंद झालं तर उरणार काय, हे आम्हा पोरांनाही कळत होतं.

त्यातच स्पर्धेचे नियम आले. त्यात एक नवा नियम होता. प्रॉम्प्टिंग करायचं नाही, विंगेतून एक शब्द जरी प्रेक्षकांत ऐकू आला तर नाटक स्पर्धेतून बाद. सरांनी तो आम्हाला वाचून दाखवला आणि स्वतःच चष्मा काढून बसले.

"काय हरकत नाय सर," मी म्हणालो. "आमचं सगळं पाठ हाय."

"आहे," सर म्हणाले.

"आहे सर. झोपेत उठवून विचारा."

मग सर बाहेर वऱ्हांड्यात जाऊन बसले आणि आम्ही त्यांच्याशिवाय पहिली तालीम सुरू केली. मी दारातून आत आलो आणि उभा राहिलो. व्यंकटेश चुलीपुढे बसला होता. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय. बराच वेळ गेला.

"बोल की बे," व्यंकटेश म्हणाला.

"सरांनी सुरवात कुटं करून दिली?"

आणि खरोखर तसंच होतं. प्रत्येकाला आपापलं काम मुखोद्गत होतं, पण पहिला शब्द विंगेतून आल्याशिवाय कुणाचं तोंडच उघडेना. इतके दिवस सर आधी कुजबुजायचे आणि मग आम्ही बोलायचो. पाठांतर नसायचं म्हणून नव्हे, तो आवाज आल्यावरच वाक्य सुरू होतं असं आमच्या अंगात मुरलं होतं. खिडकीतून सर बघत होते. शेवटी राहवलं नाही आणि तिथून त्यांनी "आई…" असा शब्द सोडला. त्यासरशी मी धडाधड सगळं वाक्य म्हणून मोकळा झालो. सर आत आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मीच बोलतोय. तुम्ही नुसता आवाज मोठा करताय."

मग आमची सवय मोडायच्या मागे सर लागले. पहिला शब्द द्यायचा नाही, नुसतं बोट वर करायचं. मग बोटही नाही. आठवडाभरात आम्ही आपल्या पायांवर उभे राहिलो. पण खरी पंचाईत पुढेच होती. आमची सवय गेली, सरांची जाईना. त्यांना कुजबुजतोय हे कळतच नसे. "मी बोललो?" असं तेच आम्हाला विचारायचे आणि चेहरा पार पडायचा. त्यांनी तोंडात सुपारी धरून पाहिली, सुपारीच्या आडून शब्द आले. तोंडावर रुमाल बांधून पाहिला, तर रुमालातून आले, शिवाय नाटिकेत दरोडेखोर घुसल्यासारखं दिसायला लागलं. स्पर्धेला विंगेत यायचंच नाही, घरी बसायचं, असंही ते म्हणाले. पण आम्ही कुणी त्याला तयार होईना. सर विंगेत नाहीत आणि आपण रंगमंचावर आहोत, हे आम्हाला कल्पनेतही नको होतं.

तोडगा काढला व्यंकटेशनं. "सर, आमच्या घरात आईचं अन् आजीचं भांडण पेटलं की वडील आईला सांगतेत, तोंडात पाणी धर म्हणून."

"मग?"

"मग काय, मिटतंय की. आजी एकटी किती बोलंल?"

सरांनी तिथल्या तिथे तांब्या मागवला. तोंड भरून पाणी धरलं आणि हातानंच 'चालू द्या' अशी खूण केली. गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले, ओठ मात्र घट्ट. आमची सगळी तालीम झाली तरी एक शब्द बाहेर आला नाही. तालीम संपल्यावर त्यांनी खिडकीतून पाणी टाकलं आणि म्हणाले, "गाल दुखतात. पण जमेल."

स्पर्धेच्या दिवशी शाळेतली निम्मी पोरं थिएटरात. हेडसर पुढच्या रांगेत, परीक्षकांच्या मागेच. परीक्षक बाहेरगावचे होते. वर बाल्कनीत बायका बसल्या होत्या. त्यांत व्यंकटेशची आई होती, आणि विड्यांची सुपं बाजूला ठेवून तिच्याबरोबर आलेल्या गल्लीतल्या बायकाही. पोरगा लुगडं नेसून नाटकात काम करतोय ही बातमी साखर पेठेत घरोघर पोचली होती. डावीकडच्या विंगेत सर तांब्या घेऊन उभे राहिले. घंटा झाली तशी त्यांनी आमच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड भरून पाणी घेतलं आणि पडदा वर गेला.

सुरुवातीचे प्रवेश छान झाले. आम्ही कुणीही अडखळलो नाही. सरांनी घोटवून घेतल्याचा परिणाम दिसत होता, टाळ्याही पडत होत्या. मग शेवटचा प्रवेश आला. मी दारात येऊन उभा राहिलो, मान खाली घालून. आई चुलीपुढून उठते, माझ्यापाशी येते आणि बोलते, असं होतं. ते वाक्य सरांनी फार मनापासून लिहिलं होतं. यशापयशावर होतं, लांबलचक होतं आणि त्यात जोडाक्षरं पुष्कळ होती.

व्यंकटेश उठला, माझ्यापाशी आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला त्याचे डोळे दिसत होते. त्यात काही नव्हतं. तो विसरला होता.

थिएटर शांत झालं. मी माझ्या जागेवरून विंगेकडे पाहिलं. सरांचे गाल गच्च भरलेले होते, मान ताणली होती, आणि घशाशी आलेला शब्द मला जवळजवळ दिसत होता. ओठांच्या कोपऱ्यातून पाण्याची धार हनुवटीवर आली. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. आता हे पाणी गिळणार आणि बोलणार, आणि मग सगळं संपणार, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात सरांनी आमच्याकडे पाठ फिरवली. अडलेला माणूस बघवत नाही म्हणणारे सर व्यंकटेशला तसाच अडलेला सोडून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

व्यंकटेशनंही मान वळवून ते पाहिलं असावं. कारण तो माझ्याकडे वळला, पदर खोचला, माझ्या सदऱ्यावरची धूळ हातानं झटकली. खरोखरची धूळ होती ती, रंगमंच कुणी झाडलेलाच नव्हता. मग माझी हनुवटी वर करून त्यानं विचारलं,

"अन्नं तिन्नावा रा?"

जेवलास का रे. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला एवढं तेलुगू समजावून सांगावं लागत नाही. बाल्कनीतून कुणीतरी 'अय्यो' म्हणालं आणि मग बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. माझं पुढचं वाक्य होतं, 'आई, मी नापास झालो.' ते मला येत होतं. पण माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"न्हाय, आये," मी म्हणालो.

व्यंकटेशनं ताट घेतलं. मी बसलो. त्यानं मला वाढलं आणि मी खरोखर रडायला लागलो. मला माझी आई आठवली होती, मंगळवेढ्याची, जी मला दर सुट्टीला दारातच हे विचारायची. नापास झाल्याचं मी पुढे सांगितलं, बाकीची वाक्यंही म्हणालो, आणि पडदा पडला. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

विंगेत आल्यावर व्यंकटेश सरांच्या पायाशीच बसला. "सर, विसरलो. सगळं विसरलो." सरांचा सदरा पुढून भिजला होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तिथं काय लिहिलं होतं ते आता मलाही आठवत नाही."

ढाल मिळाली नाही. संहितेबाहेर जाऊन भाषेची सरमिसळ केल्याबद्दल परीक्षकांनी नापसंती दाखवली आणि ढाल दुसऱ्या शाळेला गेली. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मात्र व्यंकटेशला दिलं. एकाच वाक्याबद्दल एकीकडे गुण कापायचे आणि दुसरीकडे बक्षीस द्यायचं, हा हिशेब मला आजही लागलेला नाही. हेडसर निकालाला थांबलेच नव्हते. नाटक संपताच ते उठून गेल्याचं पोरांनी सांगितलं. आम्ही चालतच परत निघालो. व्यंकटेशनं बक्षिसाचा कप सरांच्या हातात दिला होता आणि सर तो धोतराच्या सोग्यानं पुन्हा पुन्हा पुसत चालले होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर हेडसर पुढे आले. हातात सूचनांचा कागद होता. मागे, नेहमीच्या जागी, सर. सरांचा चेहरा रात्रभर झोप न लागलेल्या माणसाचा होता. हेडसरांनी वाचायला सुरुवात केली. सहामाहीच्या तारखा, वह्यांना घालायची कव्हरं, पाण्याच्या टाकीवर बसण्याबद्दल शेवटची ताकीद. मग ते म्हणाले, "आंतरशालेय नाट्यस्पर्धेत आपल्या शाळेला ढाल मिळालेली नाही. दहावी ब मधल्या व्यंकटेशला अभिनयाचं बक्षीस मिळालं आहे, त्याचं अभिनंदन. मी यापूर्वीच सांगितल्याप्रमाणे पुढच्या वर्षापासून आपल्या शाळेत नाटक…"

आणि हेडसर थांबले.

मैदानावर कुणी हललं नाही. मी सरांकडे बघत होतो. त्यांच्या तोंडात आज पाणी नव्हतं. ओठ हलले, आणि त्या शांततेत ती कुजबुज पुढच्या रांगांना स्वच्छ ऐकू आली. "…आणखी जोरात करायचं आहे."

"आणखी जोरात करायचं आहे!" हेडसर खणखणीत आवाजात म्हणाले.

पोरांनी जो गलका केला तो गिरणीपर्यंत गेला असेल. टोप्या उडाल्या, कुणी शिट्ट्या मारल्या. हेडसर सावकाश मागे वळले आणि त्यांनी सरांकडे पाहिलं. सर आभाळाकडे बघत होते. हेडसरांनी एवढंच म्हटलं, "रांगेत वर्गावर जा." पण बोललेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही, आणि सर निवृत्त होईपर्यंत शाळेत दरवर्षी नाटक झालं. व्यंकटेशचा कप काचेच्या कपाटात कबड्डीच्या ढालींच्या बरोबर मध्ये बसला. आम्ही पुढे पुष्कळदा यावर वाद घातला की हेडसर त्या दिवशी खरंच अडले होते का. कारण त्यांच्या हातात कागद होता, आणि कागद हातात असताना ते कधी अडत नसत. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "अडलेला माणूस मला बघवत नाही."

व्यंकटेश पुढे वडिलांच्या जागी मागावर बसला, मग स्वतःचे यंत्रमाग टाकले. आता त्याच्या चादरी कुठे कुठे जातात. मी वकील झालो आणि पुण्याला स्थायिक झालो. कोर्टात उभा राहिलो की पहिला शब्द माझा मीच घेतो, तेव्हा मला दर वेळी वऱ्हांड्यातल्या खिडकीची आठवण होते. सरांकडे जाणं मात्र वर्षावर्षांनी लांबत गेलं. मग एकदा व्यंकटेशचा फोन आला, "सर आता अंथरुणाला लागलेत. येऊन जा की बे."

ती आमची शेवटची भेट. सर पलंगावर उशाला टेकून बसले होते. पायांवर व्यंकटेशनं दिलेली चादर होती. आवाज मुळातच कुजबुजीचा, त्यामुळे आजारानं त्यात फारसा फरक पडला नव्हता. काकू म्हणाल्या, सकाळपासून काही खाल्लं नाही, कुणाचं ऐकतच नाहीत. मी खुर्ची ओढून बसलो. येताना गाडीत मनाशी बरंच काही जुळवलं होतं. ते बोलावं म्हणून सुरुवात केली, "सर, तुमच्यामुळं…" आणि अडलो. पुढचं निघेना.

"…आम्ही घडलो," सरांनी शब्द दिला. "तुझ्या आधी येऊन गेलेले सगळे हेच म्हणून गेले. हं, पुढं?"

मला हसू आलं आणि रडूही. पुढचं काही सुचेना. सरांनी हात लांब करून उशापाशी ठेवलेलं फुलपात्र घेतलं, पाण्याचा मोठा घोट तोंडात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. गाल फुगले. डोळे माझ्यावर.

"अहो, गिळा की ते!" काकू घाबरून म्हणाल्या. "ठसका लागेल."

सरांनी हातानंच त्यांना गप्प राहायची खूण केली आणि माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उठलो, पलंगावर त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"जेवलात का, सर?" मी विचारलं.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी सावकाश पाणी गिळलं, ओठ पुसले, आणि ज्या शब्दासाठी त्यांनी मला वर्षभर छळलं होतं तोच शब्द माझ्या गावच्या हेलात म्हणाले,

"न्हाय."

काकूंनी वाटीत दूधभात आणला. मी भरवला तेवढा सरांनी सगळा खाल्ला. मी चादरीवर सांडलेली शितं गोळा केली आणि मग उठलो.